सव्वापाच ते पावणेसहा: एका पुरस्कार-प्रवेशिकेचा हिशेब

चाकण पट्ट्यातला मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या यंत्रांचा विभाग, मोठं. कामगार ६४०, त्यातले २३० कायम आणि ४१० कंत्राटी व शिकाऊ. मागच्या वर्षभरात हाताला इजा होण्याचे सहा प्रसंग घडलेले. त्यामुळे ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनापासून ३१ ऑगस्टपर्यंत 'थोडक्यात वाचलो' या नावाची मोहीम चालली. अपघात होता होता टळला की कामगाराने पिवळं कार्ड भरून पेटीत टाकायचं, पुढच्या सात दिवसांत त्यावर काय केलं ते त्याच जागी फलकावर लिहायचं, एवढीच मूळ कल्पना. सप्टेंबरात कारखानाप्रमुख म्हणाले, "काम चांगलं झालंय, कुठल्यातरी मोठ्या पुरस्काराला पाठवा." संज्ञापन, म्हणजे कम्युनिकेशन, विभागात माणसं दोन.

हे कुठल्या एका कारखान्याचं चित्र नाही. प्रेस शॉप असलेल्या कारखान्यांत जे प्रश्न हमखास उभे राहतात ते एकत्र करून अभ्यासासाठी प्रकरण रचलं आहे, आणि कारखान्याचे आकडे व प्रवेशिकेचे गुण हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ज्या संस्थांची नावं येतात त्या आणि त्यांचे नियम खरे आहेत.

निवड झाली ती 'गोल्ड क्विल'ची. हा इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स, म्हणजे आयएबीसीचा पुरस्कार. ही संघटना १९७० साली अमेरिकेतल्या औद्योगिक संपादकांच्या दोन संघटना एकत्र येऊन बनली. कारखान्याची गृहपत्रिका काढणारा संपादक हा या व्यवसायाचा मूळपुरुष. आपल्याकडे किर्लोस्करवाडीहून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी काढलेली 'किर्लोस्कर खबर' त्याच कुळातली. भारतात असोसिएशन ऑफ बिझनेस कम्युनिकेटर्स ऑफ इंडिया आणि १९५८ सालची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया यांचीही संमेलनं आणि पुरस्कार असतात. पहिल्यांदाच प्रवेशिका लिहिणाऱ्यांनी खरं तर तिथून सुरुवात करावी. इथे गोल्ड क्विल घेतला त्याचं कारण त्याची गुणपद्धत उघड आहे, त्यामुळे चूक नेमकी कुठे होते ते आकड्यांत दाखवता येतं.

ती पद्धत अशी. प्रत्येक घटकाला १ ते ७ गुण. ४ म्हणजे जाणकाराने केलेलं नीट, पण चारचौघांसारखं काम. ७ क्वचितच मिळतात. संज्ञापन व्यवस्थापनाच्या विभागात निम्मं वजन 'वर्क प्लॅन'ला आणि निम्मं प्रत्यक्ष कामाच्या नमुन्याला. वर्क प्लॅन म्हणजे जास्तीत जास्त चार पानांचा मजकूर: व्यवसायाची गरज, श्रोतृवर्गाचं विश्लेषण, उद्दिष्टं, उपाय, अंमलबजावणी व अडचणी, आणि मोजमाप. एकूण गुण ५.२५ ते ५.७४ असले तर 'मेरिट', ५.७५ पासून पुढे 'एक्सलन्स'. म्हणजे सव्वापाचाला दार उघडतं आणि पावणेसहाला वरचा मजला. इतरांपेक्षा सरस ठरून इथे भागत नाही, पट्टी पार करावी लागते. परीक्षक लेखी अभिप्रायही देतात आणि पदक हुकलं तरी तो हाती राहतो.

पहिला मसुदा आठवड्याभरात तयार झाला. त्यात काय होतं? ४२ भित्तिचित्रं, ८ पथनाट्यं, २६ छोटे व्हिडिओ, ५०० जणांचा व्हॉट्सअॅप गट, सुरक्षा शपथ, घोषवाक्य स्पर्धा, स्थानिक वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि त्या कात्रणांची "जाहिरात मूल्यानुसार किंमत", म्हणजे तेवढ्याच जागेत जाहिरात दिली असती तर आला असता तो खर्च. शेवटी ठळक अक्षरांत: अपघात ६ वरून ३ वर, ५० टक्के घट.

अनुभवी परीक्षक या मसुद्याला काय देईल? व्यवसायाची गरज ४, श्रोतृवर्ग ३, उद्दिष्टं २, उपाय ५, अंमलबजावणी ५, मोजमाप ३. बेरीज २२, सरासरी ३.६७. भित्तिचित्रं आणि व्हिडिओ बरे होते म्हणून नमुन्याला ५.२ धरू. दोन्हींची सरासरी ४.४३. समजायला सोपं जावं म्हणून इथे साधी सरासरी काढली आहे.

काम चांगलं असून गुण कमी का पडले, हे एकेक करून बघण्यासारखं आहे.

कात्रणांच्या किमतीपासून सुरुवात करू, कारण ती काढून टाकायला पाच मिनिटं लागतात. संज्ञापन मोजणाऱ्यांच्या एएमईसी या संघटनेने २०१० साली बार्सिलोनात जी सात तत्त्वं मांडली त्यांतलं एक स्पष्ट सांगतं की जाहिरात-समतुल्य किंमत म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. २०१५ आणि २०२० मध्ये या तत्त्वांची सुधारित रूपं आली, पण हा मुद्दा सुटला नाही. आपल्याकडे मासिक अहवालात तो रकाना अजूनही सर्रास असतो आणि साहेबांना आवडतोही. प्रवेशिकेत मात्र तो दिसला की पुढची पानं वाचताना परीक्षकाची भुवई वरच राहते. शिवाय या मोहिमेचा श्रोता प्रेस चालवणारा माणूस होता. वर्तमानपत्र वाचणाऱ्या तालुक्याशी तिचा संबंधच नव्हता.

पुढचं दुखणं म्हणजे ४२, ८, २६ हे आकडे. आपण किती केलं ते त्यांतून कळतं, समोरच्यात काय बदललं ते कळत नाही. हे आकडे अंमलबजावणीच्या घटकात एका ओळीत यावेत. मोजमापाच्या घटकात त्यांना जागा नाही.

खरी मेख होती "५० टक्के घट" या वाक्यात. सहावरून तीन म्हणजे दोन्ही काळांत मिळून नऊ प्रसंग. दोन्ही काळ सारख्याच लांबीचे मानले आणि मोहिमेचा काडीचा परिणाम झाला नाही असं धरलं, तरी या नवांपैकी तीन किंवा त्याहून कमी प्रसंग दुसऱ्या काळात पडण्याची शक्यता ५१२ पैकी १३०, म्हणजे जवळपास चारात एक. नाणं नऊ वेळा उडवून तीन किंवा कमी छाप पडण्याइतकी ती साधी गोष्ट आहे. त्यात मसुद्यातली तुलना बारा महिन्यांची सहा महिन्यांशी होती. मागच्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांत प्रसंग चारच होते, म्हणजे खरी तुलना चार विरुद्ध तीन. आणि जूनमध्ये दोन मोठ्या प्रेसना लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचे पडदे, बसले होते. किरणांत हात आला की प्रेस थांबते. इजा टळली ती पडद्यामुळे की पिवळ्या कार्डामुळे, हे कुणी सांगू शकत नाही. मसुद्यात लाइट कर्टनचा उल्लेखच नव्हता. परीक्षक कारखान्यातला नसेलही, पण "या काळात आणखी काय बदललं?" हा प्रश्न विचारायची त्याला सवय असते.

दुरुस्ती सुरू झाली ती कपाटं उघडून. मोहिमेआधी काही मोजलेलं नसेल तर नंतर ते बनवता येत नाही, पण बरेचदा दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कारणासाठी मोजून ठेवलेलं असतं. संज्ञापनवाल्यांनी सेफ्टी ऑफिसरकडे, प्रथमोपचार कक्षात, टाइम ऑफिसात आणि कँटीन समितीच्या इतिवृत्तात शोधावं. या प्रकरणात घबाड सेफ्टी विभागात सापडलं. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या आयएसओ ४५००१ या मानकात कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग यांची अट आहे. त्या ऑडिटसाठी फेब्रुवारीत १२० कामगारांना प्रश्न विचारलेले होते. निवड गेटच्या यादीवरून, तिन्ही शिफ्टमधून, कायम आणि कंत्राटी यांच्या प्रमाणात: ४३ कायम, ७७ कंत्राटी. त्यातला एक प्रश्न होता: "मशीन असुरक्षित वाटलं तर ते थांबवायचा अधिकार मला आहे, हे बरोबर की चूक?" 'बरोबर' म्हणणारे ४९, म्हणजे ४१ टक्के. तोच प्रश्न, तशाच निवडीने, सप्टेंबरात पुन्हा विचारला. या वेळी ७६, म्हणजे ६३ टक्के.

६४० पैकी १२० जणांना विचारलं की एका वेळच्या टक्केवारीत साधारण ८ अंकांची चूक इकडेतिकडे होऊ शकते, आणि दोन वेळच्या आकड्यांतला फरक ११ अंकांपेक्षा मोठा असेल तरच तो बोलून दाखवावा. इथे फरक २२ अंकांचा आहे, तेव्हा बोलता येतं. ४१ वरून ४८ झाले असते तर प्रवेशिकेत गप्प बसणं शहाणपणाचं ठरलं असतं.

पण एकूण आकड्यापेक्षा फोड महत्त्वाची निघाली. कायम कामगारांत ४३ पैकी २७ वरून ३१, म्हणजे ६३ टक्क्यांवरून ७२. कंत्राटींत ७७ पैकी २२ वरून ४५, म्हणजे २९ टक्क्यांवरून ५८. कायम कामगारांतली हालचाल चार माणसांची. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही. कंत्राटींतली उडी मात्र घसघशीत आहे. मोहिमेची गोष्ट ही होती, आणि पहिल्या मसुद्यात 'कंत्राटी' हा शब्द एकदाही आला नव्हता. तिथे श्रोतृवर्ग "आमचे ६४० सहकारी" या तीन शब्दांत उरकला होता. म्हणून तिथे ३ गुण.

हा घटक नव्याने लिहिताना जे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कागदावर कधीच येत नाही, ते लिहावं लागलं. कंत्राटी माणूस मशीन का थांबवत नाही? लाइन थांबली की सुपरवायझर नाव विचारतो. नाव ठेकेदाराकडे गेलं की उद्या गेटवर पास अडतो, अशी त्याची समजूत असते. ती खरी असो वा नसो, तिच्यावर तो वागतो. मराठवाड्यातला मुलगा मराठी वाचतो, बिहारमधल्या पूर्णियाकडचा हिंदी, आणि ओडिशातल्या गंजामकडच्याला दोन्ही अवघड. कार्डावर नावाचा रकाना न ठेवण्याचा आणि मजकुरापेक्षा चित्रावर खूण करायला लावण्याचा निर्णय याच माहितीतून आला होता. निर्णय उत्तम, पण त्यामागचं कारण सांगितलं नाही तर परीक्षकाला ती केवळ पिवळी कार्डं दिसतात. या एका परिच्छेदाने श्रोतृवर्गाचे गुण ३ वरून ६ वर जातात, आणि 'उपाय'ही ५ वरून ६ होतो.

कार्डांचा आकडाही नीट समजावून द्यावा लागतो. आधीच्या सहा महिन्यांत जुन्या पद्धतीचे 'निअर मिस' अर्ज ११ आले होते. मोहिमेच्या सहा महिन्यांत कार्डं ९४. अनोळखी माणूस हे वाचून म्हणेल, धोका आठपटीने वाढला की! नोंद वाढणं म्हणजे लपवणं कमी होणं, हे वाक्य आकड्याच्या आधी यायला हवं. ९४ पैकी ६१ कार्डांवर सात दिवसांत काम झालं, हेही सोबत. उरलेली ३३ का राहिली? त्यातली बरीच डाय, म्हणजे प्रेसमधले साचे, बदलण्याशी निगडित होती आणि त्यासाठी साचे सांभाळणाऱ्या टूल रूमचा वेळ लागतो. 'अडचणी' या घटकात हे लिहिलं की गुण वाढतात. आपल्याकडे अडचणींच्या जागी "वेळ कमी होता, पण टीमने जोमाने काम केलं" असं लिहायची रीत पडली आहे. तिने काहीच मिळत नाही.

आता उद्दिष्टं. इथे मोह मोठा असतो. ५८ टक्के हाती आहेत, तेव्हा "५० टक्के गाठायचं ठरवलं होतं" असं आज लिहिलं तर कोणाला कळणार? कळतं. निकालाच्या दोन-पाच अंक अलीकडे नेमकं बसलेलं उद्दिष्ट, आणि मजकुरात कुठेही ते कधी व कशाच्या आधारावर ठरलं याचा पत्ता नाही, ही खूण परीक्षक ओळखतात. त्याहून मोठं कारण साधं आहे: ते खोटं आहे, आणि ती प्रवेशिका कारखानाप्रमुखांच्या सहीने जाते.

शोधल्यावर फेब्रुवारीतली एक ईमेल सापडली. संज्ञापन विभागाने कारखानाप्रमुखांना लिहिलेलं होतं: "कार्डं महिन्याला निदान १० तरी आली पाहिजेत, नाहीतर पेट्या काढून टाकू." सहा महिन्यांचं उद्दिष्ट ६०, आली ९४. भाषा ओबडधोबड, पण तारीख असलेलं, मोजता येणारं, खरं उद्दिष्ट एवढंच होतं. प्रवेशिकेत तेच घेतलं. सर्वेक्षणाचे आकडे 'आधी न ठरवलेला पण मोजलेला बदल' असं स्पष्ट म्हणून मोजमापाच्या घटकात गेले, आणि इजांचा आकडा लाइट कर्टनच्या उल्लेखासह, श्रेय न मागता.

कामाच्या नमुन्यात वेगळ्या प्रकारची कसरत लागली. सगळं साहित्य मराठीत आणि हिंदीत. वाचणारा परीक्षक जगाच्या पाठीवर कुठलाही. 'थोडक्यात वाचलो' याचं शब्दशः इंग्रजी केलं तर काहीतरी भलतंच हाती येतं. बसखाली येता येता राहिलेला माणूस घरी आल्यावर जे म्हणतो ते हे शब्द आहेत. त्यात सुटकेचा निःश्वास आहे आणि कबुलीही आहे. भाषांतराच्या पट्टीत शब्दार्थ देऊ नये. हा शब्दप्रयोग माणूस कधी करतो आणि इथे तो का निवडला, ते दोन ओळींत सांगावं. 'हात शाबूत तर घर शाबूत' या घोषवाक्याचंही तेच. घरी पैसे पाठवणाऱ्याला उद्देशून आहे हे सांगितल्याशिवाय ते सुभाषितासारखं वाटतं. प्रत्येक नमुन्याखाली अशी दोन-तीन ओळींची टीप, व्हिडिओला उपशीर्षकं, आणि २६ पैकी फक्त दोन व्हिडिओ. जास्त पाठवले की सगळ्यात कमजोर व्हिडिओ लक्षात राहतो.

नमुने निवडताना सेफ्टी ऑफिसर शेजारी बसवणं सक्तीचं असावं. एका भित्तिचित्रात ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घातलेला कामगार हसत उभा होता. फिरणाऱ्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात ओढला जातो. तिथे मोजे घालायचेच नसतात. दुसऱ्या फोटोत प्रेसवाल्याच्या बोटात अंगठी. तिसऱ्यात मागे रॅकवर ग्राहक कंपनीच्या अजून बाजारात न आलेल्या गाडीचा पार्ट, म्हणजे गोपनीयतेच्या कराराचा सरळ भंग. तिन्ही बाद. शिवाय चेहरा दिसणाऱ्या प्रत्येक कामगाराची लेखी संमती, त्याला वाचता येईल अशा भाषेत. कंत्राटी माणूस सप्टेंबरपर्यंत दुसऱ्या कारखान्यात गेलेला असतो, त्यामुळे संमती फोटो काढतानाच घ्यावी. नंतर शोधत बसावं लागतं आणि शेवटी हातांचे क्लोज-अप वापरावे लागतात. इथे तेच झालं. गंमत म्हणजे मोहीम हातांबद्दल असल्याने ते फोटो जास्त बोलके निघाले.

खर्च लपवू नये. छपाई, पथनाट्य पथक, व्हिडिओ, पेट्या मिळून ३ लाख ४० हजार. माणशी ५३१ रुपये. रकमेसोबत ती कुठे मुद्दाम खर्च केली नाही हेही लिहावं. इथे टी-शर्ट आणि स्टीलच्या बाटल्या वाटल्या नव्हत्या.

सुधारित प्रवेशिकेचा हिशेब: गरज ६, श्रोतृवर्ग ६, उद्दिष्टं ४, उपाय ६, अंमलबजावणी ६, मोजमाप ५. बेरीज ३३, सरासरी ५.५. नमुना ५.६. एकूण ५.५५. मेरिट. काम तेच, एकही नवं भित्तिचित्र नाही, आणि ४.४३ वरून ५.५५.

वरच्या मजल्याला काय कमी पडलं? उद्दिष्टं ४ ऐवजी ६ आणि मोजमाप ५ ऐवजी ६ असते तर वर्क प्लॅन ६.० झाला असता, एकूण ५.८, म्हणजे एक्सलन्स. पाव गुणाचा हा फरक कितीही चांगलं लिहून भरून निघत नाही, कारण तो ४ मार्चच्या आधी लिहायच्या एका कागदाचा आहे. सल्लागार नेमून प्रवेशिका 'पॉलिश' करून घेणाऱ्या कंपन्यांचे पैसे बहुधा याच भोकातून गळतात.

संमेलनाचं थोडक्यात. आयएबीसीची जागतिक परिषद सहसा जूनमध्ये असते, आणि तिथे बोलण्याचा प्रस्ताव वेगळा, कित्येक महिने आधी द्यावा लागतो. पुरस्कार मिळाला म्हणून व्यासपीठ आपोआप मिळत नाही. प्रवेशिकेच्या चार पानांचं भाषण करू नये. तिथे समव्यावसायिक बसलेले असतात. त्यांना न सुटलेली ३३ कार्डं आणि नावाचा रकाना काढताना सुपरवायझरांनी केलेला विरोध ऐकायचा असतो. ४५ मिनिटांत २० मिनिटं या दोन गोष्टींना द्यावीत, १० बाकी सगळ्याला, उरलेली प्रश्नांना. आणि प्रवासाला एकाचंच तिकीट मंजूर होत असेल तर ज्याने पेट्या उघडून कार्डं वाचली त्याला पाठवावं.

मेरिटचं प्रमाणपत्र स्वागतकक्षात लागलं. परीक्षकांचा अभिप्राय मात्र संज्ञापन विभाग, सेफ्टी ऑफिसर आणि दोन सुपरवायझर यांनी एकत्र बसून वाचावा असा असतो, आणि ती बैठक पुढच्या ४ मार्चच्या आधी व्हायला हवी, म्हणजे तेव्हा उपयोग होतो. या प्रकरणात त्या बैठकीतून एक पान निघालं. त्यावर फेब्रुवारीतली तारीख, कारखानाप्रमुखांची सही आणि तीन ओळी: ३१ ऑगस्टपर्यंत कंत्राटी कामगारांपैकी ७० टक्क्यांना मशीन थांबवण्याचा अधिकार ठाऊक असावा, आज ५८. कार्डांवर सात दिवसांत कारवाई ८० टक्के, आज ६५. प्रश्न विचारायची माणसं १२० ऐवजी २००. टूल रूमच्या प्रमुखाने दुसऱ्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं: डायची कामं धरून की सोडून?